पोटरीतला पंप आणि झाडाचा अर्क

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले बहुतेक काम उभ्याने होते. पुणे-बंगळूर महामार्ग सोडून आत वळले की कापडाचे कारखाने, इंजिनांचे कारखाने, फौंड्र्या आणि मशीनशॉप लागतात. कसबा सांगाव, तळंदगे, यळगूड किंवा कागलमधून पाळीला आलेला माणूस सीएनसी यंत्रापुढे उभा राहतो, लूमच्या ओळींतून फेऱ्या मारतो, साच्यात लोखंडाचा रस ओततो, नाहीतर चेकिंगच्या टेबलाशी कापडावर नजर लावून उभा असतो. पाळी आठ तासांची, ओव्हरटाइम धरला तर बारा. घरी येऊन सेफ्टी शूज काढावेत तर मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटलेला असतो. पोटऱ्या जड झालेल्या असतात आणि रात्री गोळे येतात. काही वर्षांनी पोटरीवर निळसर शिरा नागमोडी फुगून वर येतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, घरची माणसे म्हणतात नसा फुगल्या.

मग उपाय सुरू होतात. कुणी निरगुडीच्या पाल्याचा शेक घेतो, कुणी तेल चोळतो, कुणी रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूतून पुडी आणतो. औषधाच्या दुकानात हर्बल लिहिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात, त्या महाग असल्या तरी लोक घेतात, कारण झाडपाल्याने अपाय होत नाही अशी आपली समजूत असते. या प्रकरणात त्या समजुतीची नीट तपासणी करायची आहे. वनस्पतींचे काही अर्क पायाच्या शिरांवर खरोखर काम करतात. त्याचे चांगले पुरावे आहेत आणि ते सांगताना हात आखडता घ्यायचे कारण नाही. पण ते काय करतात, काय करू शकत नाहीत आणि कुणाच्या पायावर करतात, हे कळले नाही तर त्याच गोळीमुळे माणूस डॉक्टरकडे उशिरा पोहोचतो.

आधी शिरेचे काम पाहू. हृदयाने पायापर्यंत ढकललेले रक्त परत वर चढवायचे असते आणि उभ्या माणसात ही चढण सव्वा मीटरच्या आसपास असते. एवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब पावलापाशी साधारण 80 ते 100 मिलिमीटर पारा भरतो. विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पाणी वर चढवायचे तर नळीच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह लागतो, चढलेले पाणी खाली उतरू न देणारा. पायाच्या शिरांत असे व्हॉल्व्ह ठिकठिकाणी असतात, दोन नाजूक पापुद्र्यांचे, फक्त वरच्या दिशेने उघडणारे. इटलीतल्या पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी 1603 साली त्यांचे वर्णन छापले, पण ते कशासाठी आहेत हे त्यांना नीट उलगडले नव्हते. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी 1628 च्या ग्रंथात रक्त शरीरभर फिरते हे सिद्ध केले, तेव्हा या व्हॉल्व्हची एकाच दिशेने उघडण्याची रीत हा त्यांच्या हातातला एक मोठा पुरावा होता.

व्हॉल्व्ह आले, पण मोटर कुठे आहे? ती पोटरीत आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर फेकले जाते. निरोगी माणूस चालू लागला की पावलापाशी असलेला तो 80-100 चा दाब 20-30 पर्यंत उतरतो. एकाच जागी उभे राहिले की मोटर बंद आणि स्तंभाचा सगळा भार शिरेच्या भिंतीवर. भिंत हळूहळू सैलावते, शीर रुंद होते आणि रुंद शिरेत व्हॉल्व्हचे दोन पापुद्रे एकमेकांपर्यंत पोहोचेनासे होतात. मग रक्त मागे गळते, खालचा दाब वाढतो आणि खालचा व्हॉल्व्हही निकामी होतो. म्हणून लूमच्या ओळीत फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा चेकिंगच्या टेबलाशी जागचा न हलणारा जास्त सोसतो. त्यात फौंड्रीतली उष्णता. उष्णतेने शिरा आणखी सैल पडतात.

आनुवंशिकता, वय, वजन, बायकांच्या बाबतीत बाळंतपणे, ही कारणेही आहेतच. पण कामाचा वाटा लहान नाही. डेन्मार्कमध्ये कामकरी लोकांचा 12 वर्षे मागोवा घेणारा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. कामाचा बहुतेक वेळ उभ्याने किंवा चालत घालवणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्ससाठी रुग्णालयात जावे लागण्याचा धोका इतरांच्या पावणेदोनपटीच्या आसपास निघाला, पुरुषांतही आणि स्त्रियांतही.

आता औषधी झाडांकडे येऊ. या दुखण्यावर सर्वांत नीट तपासलेली वनस्पती आपल्याकडची नाही. ती आहे हॉर्स चेस्टनट, मूळची बाल्कन प्रदेशातली आणि आता युरोपभर रस्त्यांच्या कडेला दिसणारी. अॅन फ्रँक नाझींपासून लपून राहिली होती त्या घराच्या खिडकीतून तिला दिसणारे झाड याच जातीचे होते. त्याचे एक भावंड हिमालयात वाढते, पण औषधी चाचण्या झाल्या त्या युरोपीय झाडाच्या बियांच्या अर्कावर. त्यातला मुख्य घटक एसिन. दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपते आणि घोटा सुजतो. एसिन हे झिरपणे कमी करते आणि शिरेच्या भिंतीचा ताणही थोडा वाढवते.

1996 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मन डॉक्टरांची एक चाचणी आली. कागलच्या कामगाराने ती समजून घ्यावी अशी आहे. पायाच्या शिरा निकामी झालेल्या 240 रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला या बियांचा अर्क, दुसऱ्याला पाय आवळून धरणारे मोजे, तिसऱ्याला औषध नसलेली दिखाऊ गोळी. 12 आठवड्यांनी पायाचे आकारमान मोजले. अर्क घेणाऱ्यांचे सरासरी सुमारे 44 मिलिलिटरने घटले, मोजे वापरणाऱ्यांचे सुमारे 47 ने, आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे जवळपास 10 ने वाढले. म्हणजे सूज उतरवण्यात अर्क आणि मोजे जवळजवळ बरोबरीने आले. पुढे पिटलर आणि अर्न्स्ट या संशोधकांनी, चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेसाठी, अशा 17 चाचण्या एकत्र पाहिल्या. 2012 च्या आवृत्तीत त्यांचा निष्कर्ष असा की पाय दुखणे, सूज, खाज यांवर हा अर्क थोड्या काळापुरता उपयोगी आणि सुरक्षित दिसतो. बहुतेक चाचण्यांत मात्रा सारखीच होती, 50 मिलिग्रॅम एसिन असलेला अर्क दिवसातून दोनदा.

या निष्कर्षातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. थोड्या काळापुरता, म्हणजे काही आठवडे, जन्मभर नव्हे. अर्क, म्हणजे बी नव्हे. या झाडाच्या कच्च्या बियांत एस्क्युलिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते काढून टाकूनच औषध बनवतात, त्यामुळे बियांची पूड करून खाणे धोक्याचे. आणि सूज-दुखणे, म्हणजे फुगलेली शीर नव्हे. मागे गळणारा व्हॉल्व्ह कोणत्याही गोळीने परत जुळत नाही. जिथे व्हॉल्व्ह गेले तिथे तो अर्क फक्त झिरपणारे पाणी आवरतो. हेही कमी नाही. संध्याकाळी पाय हलके वाटले तर माणूस दोन पावले जास्त चालतो आणि चालण्यानेच पोटरीची मोटर सुरू होते.

दुसरी गोळी आपल्याकडे अधिक सहज मिळते, डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनची. हेस्पेरिडिन लिंबूवर्गीय फळांच्या सालीत असते. त्यापासून डायोस्मिन तयार करून ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपात गोळीत घालतात. रोजची मात्रा साधारण एक ग्रॅम. आपले डॉक्टर ही गोळी मूळव्याधीवरही देतात, कारण मूळव्याधीतही शिराच फुगलेल्या असतात. युरोपात द्राक्षवेलीच्या लाल पानांचाही अर्क विकला जातो. अशा सगळ्या औषधांच्या साठाहून अधिक चाचण्या कॉक्रेनने तपासल्या. सूज थोडी कमी होते हे बऱ्यापैकी खात्रीने दिसले. रोजच्या जगण्यात फार फरक पडल्याचे दिसले नाही, आणि पोटाच्या तक्रारी मात्र थोड्या वाढल्या. संत्र्याची साल उकळून पिण्याला या चाचण्यांचा आधार लागू होत नाही. मात्रा आणि कणांचा आकार, दोन्ही वेगळे.

आपल्या मातीतली या कामाची वनस्पती म्हणजे मंडूकपर्णी, कोकणातल्या आणि घाटाखालच्या ओल्या बांधांवर पसरणारी, गोल पानांची. गावाकडे तिला कारिवणा म्हणतात. बाजारात ती ब्राह्मी या नावानेही येते आणि त्याच नावाने दुसरीच वनस्पती, नीरब्राह्मी, विकली जाते. म्हणून पुडीत नेमके काय आहे हे पाहणे भाग आहे. मंडूकपर्णीतील घटकांवर युरोपात, विशेषतः इटलीत, शिरांच्या दुखण्यासाठी चाचण्या झाल्या. त्यांत सूज कमी झाल्याचे दिसले, पण त्या लहान आहेत. आपल्याच बांधावरच्या रोपाची मोठी, नेटकी चाचणी आपल्याच कामगारांच्या पायांवर व्हायला हवी. कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेदाची परंपरा आहे आणि उभ्याने काम करणारे हजारो पाय आहेत. इतकी अनुकूल जागा शोधून सापडणार नाही.

आयुर्वेदाला हे दुखणे नवे नाही. सुश्रुताने आपल्या संहितेच्या निदानस्थानात सिराज ग्रंथीचे वर्णन केले आहे आणि अशक्त माणसाने केलेले अतिश्रम हे त्याचे कारण सांगितले आहे. आजचे वैद्य व्हेरिकोज व्हेन्सचा विचार बऱ्याचदा तिथून सुरू करतात. उपचारांत शिरेतून रक्त काढणे आणि जळवा लावणे येते. त्याच संहितेतल्या सूत्रस्थानाच्या 13 व्या अध्यायात जळवांचे 12 प्रकार दिले आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी, शिवाय त्या पकडायच्या कशा, पाळायच्या कशा हेही. जळवेच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते हे 1884 साली जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवले. 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जोडलेल्या अवयवात साचणारे रक्त काढण्यासाठी वैद्यकीय जळवांना परवानगी दिली. तेव्हा ही पद्धत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण जळवेच्या पोटातले जंतू जखमेत शिरून गंभीर संसर्ग करू शकतात, म्हणून हे काम प्रशिक्षित वैद्याकडेच व्हावे, ओढ्यातून आणलेली जळू घरी लावून नव्हे.

माझा खरा आग्रह आहे तो तपासणीचा. या वसाहतीत ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगला हीट नंबर (भट्टीतल्या ओताचा क्रमांक) असतो. रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जातो, कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगेनीज किती हे लिहिले जाते, आणि टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर ग्राहक माल परत पाठवतो. तेच कास्टिंग करणारा कामगार ज्या पुडीवर ना नाव ना घटक ती मात्र निःशंक मनाने पोटात घेतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. यावरून सगळी आयुर्वेदिक औषधे वाईट ठरत नाहीत. त्या 70 पैकी 56 मध्ये हे धातू आढळले नव्हते. पण कोणती पुडी कोणत्या गटातली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मात्रा छापलेली नसेल ते औषध घेऊ नये. कारखान्यात जो नियम लोखंडाला लावतो तो स्वतःच्या रक्ताला लावण्यात अवघड काही नाही.

घरगुती उपायांत दोन ठिकाणी हमखास इजा होते. बिब्बा हा त्यातला पहिला. ठणकणाऱ्या जागी बिब्बा घालण्याची रीत आपल्या गावांत अजून आहे. शिरांच्या दुखण्यात घोट्याजवळची कातडी आधीच पातळ आणि काळवंडलेली असते. तिच्यावर बिब्ब्याचे तेल पडले की ती भाजून निघते आणि त्या जागी झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. दुसरा शेक. गरम शेकाने बरे वाटते, पण शिरा आणखी पसरतात. इथे गारवा आणि उंची कामाची. झोपताना पायाखाली उशा घेऊन पाय छातीपेक्षा वर ठेवावेत. तेल हलक्या हाताने, घोट्याकडून वर लावायला हरकत नाही. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर अजिबात चोळू नये. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. अशा वेळी, आणि त्यात दम लागत असेल तर त्याच क्षणी, रुग्णालय गाठायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि यकृत-मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कोणताही अर्क, अगदी लसणाची किंवा हळदीची कॅप्सूलसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. फुगलेली शीर कधी खरचटून फुटली तर रक्त भळाभळा वाहते. घाबरून उभे राहू नये. लगेच आडवे व्हावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. उंचीमुळेच दाब उतरतो आणि रक्त थांबते. मग रुग्णालयात जावे.

याहून मोठी चूक दुखणे ओळखण्यात होते. कागलहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की सीमेपलीकडे निपाणी लागते, तंबाखूची आणि विड्यांची पेठ, तंबाखू शेतकऱ्यांच्या 1981 च्या आंदोलनाचे गाव. या पट्ट्यात विडी ओढणारे आणि तंबाखू मळणारे भरपूर. धुराने बिघडतात त्या रोहिण्या, म्हणजे पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या. न्यूयॉर्कचे लिओ बर्गर यांनी 1908 साली वर्णन केलेला विकार नेमका ऐन उमेदीतल्या धूम्रपान करणाऱ्यांना गाठतो, आणि त्यात पायाची बोटे काळी पडतात. दोन्ही दुखण्यांत पोटरी दुखते, पण उलट रीतीने. शिरेचे दुखणे उभे राहून वाढते आणि पाय वर घेतला की उतरते. रोहिणीचे चालताना आवळून येते, थांबले की जाते, आणि पाय वर घेतल्यावर पाऊल गार, फिकट पडते. रोहिणीच्या दुखण्यात आवळ मोजा घातला तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. तिथे झाडाचा अर्क उपयोगाचा नाही, तंबाखू पूर्ण सोडणे हाच खरा इलाज. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एकदा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी करून घ्यावी. त्यात व्हॉल्व्ह कुठे गळतो ते दिसते, आणि पायात रक्त पोहोचते का तेही तपासता येते.

खाली जास्त आणि वर कमी दाब देणाऱ्या आवळ मोज्यांचा शोध लावला तो डॉक्टरने नव्हे, अभियंत्याने. अमेरिकेत टोलेडो शहरात राहणारे कॉनराड जॉब्स्ट यांना पायावर शिरांच्या जखमा होत्या. तलावात उभे राहिले की पाय बरे वाटतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि अभियंता असल्याने कारणही उमगले. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी, म्हणजे शिरेतल्या रक्ताच्या दाबाला बाहेरून तोडीस तोड. तसाच चढता-उतरता दाब देणारे मोजे त्यांनी 1950 च्या सुमारास बनवले. विहिरीत, नदीत पोहणाऱ्या कोल्हापूरकरांना तो सुखावा ओळखीचा वाटेल. मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट असावेत आणि सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवावेत.

पण भट्टीशेजारी एप्रिल-मेच्या उष्म्यात असा मोजा आठ तास अंगावर ठेवणे फार कठीण आहे. लोक आठवड्याभरात तो कपाटात टाकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नेमक्या याच माणसासाठी हॉर्स चेस्टनटचा प्रमाणित अर्क किंवा डायोस्मिनची गोळी ही खरी सोय आहे, असे मला वाटते. तपासणी झालेली, रोहिण्या ठीक, उन्हाळ्याचे दोन-तीन महिने, डॉक्टरांच्या नजरेखाली. शिरांमुळे पायाला जखम झालेल्याने मात्र गोळ्यांवर वेळ काढू नये. 2018 साली ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या चाचणीत गळकी शीर लवकर बंद केलेल्यांची जखम मध्यमानाने 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांची 82 दिवसांत. हे काम आता लेझरने किंवा उष्णतेच्या तारेने, बऱ्याचदा जागेवर भूल देऊन, होते.

आणि या सगळ्याच्या आधी यायला हवे ते स्टूल. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 44 व्या कलमात उभ्याने काम करावे लागणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसण्याची योग्य सोय ठेवायला सांगितले होते, कामाच्या ओघात मिळेल ती उसंत त्याला घेता यावी म्हणून. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. दुकानांतल्या विक्रेत्यांना हा हक्क नव्हता. केरळमधल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी त्यासाठी लढा दिला, 2018 साली तिथे कायदा बदलला आणि 2021 साली तमिळनाडूनेही तसा बदल केला. सीएनसीवर जॉब लावून दार बंद केले की मशीन पुढची काही मिनिटे आपले आपण चालते. तेवढ्या सायकल टाइमात ऑपरेटर मशीनजवळच्या स्टुलावर बसू शकतो, किंवा टेबलाचा आधार घेऊन वीसदा टाचा उचलू शकतो. पोटरीची मोटर तेवढ्याने चालू होते, आणि त्यासाठी सुपरवायझरने स्टुलाला जागा करून द्यायची असते.